आधी पोट, मग पाटी

हंगामाच्या दिवसांत वाशीमच्या बाजार समितीच्या आवारात जाऊन कोणी तासभर उभा राहिला, तर एक गोष्ट त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. शेतकऱ्याचे सोयाबीन काट्यावर चढल्याशिवाय एक पाऊल पुढे सरकत नाही. दाणा मुठीत घेऊन पाहतात, चिमला किती, डागी किती, माती किती याची परीक्षा करतात, आणि त्यानेही समाधान झाले नाही म्हणजे यंत्र लावून ओलावा मोजतात. ठरलेल्या प्रमाणापुढे ओलावा गेला, की भाव उतरलाच. या कसोशीबद्दल आम्ही व्यापारीवर्गास दोष देत नाही. माल पारखून घेणे हा व्यापाराचा धर्मच आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या जिल्ह्यात दाण्याची एवढी पारख होते, त्याच जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत बसलेल्या सात वर्षांच्या मुलाचे वजन किती, त्याच्या रक्तात कस किती, फळ्यावरील अक्षर त्यास दिसते की नाही, हे त्याच्या गावातील किती शहाण्यासुरत्या माणसांस ठाऊक आहे? आणि ज्यांस ठाऊक आहे, त्यांपैकी कितीजणांनी त्याबद्दल पुढे काही केले आहे?

हा विषय नव्या फॅशनचा आहे, असे कोणी समजू नये. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेलीकडे प्रयोग करून पाहिला आणि १९०६ साली आपल्या साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, म्हणजे १९०९ साली, बडोदे शहरातील शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. हिंदुस्थानातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ या तपासणीपासून मोजतात. मुलास शाळेत बोलाविण्याची सक्ती करणाऱ्या राजाने, ते मूल बसण्याच्या व शिकण्याच्या अवस्थेत आहे की नाही हेही पाहिले पाहिजे, हा साधा न्याय त्या दूरदर्शी पुरुषास कळला होता. त्याच सुमारास खुद्द इंग्लंडातही हीच जाग आली होती. बोअर युद्धाच्या वेळी लष्करात भरती होण्यास आलेले पुष्कळ तरुण शरीराने अपात्र ठरले, तेव्हा त्या राष्ट्राचे डोळे उघडले. १९०६ साली शाळेतील गरीब मुलांस जेवण देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांस देणारा कायदा झाला व १९०७ साली शाळांतून वैद्यकीय तपासणी सुरू करण्याचे ठरले. आणि याच इंग्रजी अमलाखालील कलकत्त्याच्या कायदे-कौन्सिलात नामदार गोखले यांनी १९११ साली मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे बिल मात्र १९१२ साली सरकारी बहुमताच्या जोरावर फेटाळले गेले! आपल्या मुलांस जेवण आणि आमच्या मुलांस पाटीसुद्धा नाही, असा तो न्याय होता. १९४६ साली भोर कमिटीने अहवाल दिला, त्यात या देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीतच, असे स्पष्ट नमूद करावे लागले, यात नवल ते काय?

परंतु ती फिर्याद परक्यांच्या विरुद्ध होती. आता राज्य आपले आहे, आणि ते होऊनही पाऊणशे वर्षे उलटली आहेत. म्हणून आजची फिर्याद आपणांस आपल्याच दारात मांडावी लागते.

या फिर्यादीत कायद्याची बाजू लंगडी आहे असे कोणी म्हणेल, तर आम्ही ते साफ नाकारतो. संविधानाचे सत्तेचाळिसावे कलम जनतेच्या पोषणाचे मान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हणून सांगते. २००१ साली धान्याची सरकारी कोठारे भरलेली असता लोक उपाशी मरत आहेत, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे गेली, आणि त्या वर्षीच्या २८ नोव्हेंबरच्या हुकुमाने न्यायालयाने प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेत शिजविलेले ताजे अन्न देण्याचे बंधन राज्यांवर घातले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलगे व मुली यांस वेगवेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी, जेवण शिजविण्याची खोली व खेळाचे मैदान ही शाळेची लक्षणेच ठरविली, आणि मुलास मारणे व त्याचा मानसिक छळ करणे यांस मनाई केली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दुपारचे जेवण हा मुलाचा हक्क केला. त्याखालील २०१५ चे नियम तर वकिलालाही हेवा वाटावा इतके नेमके आहेत. जेवण वाढण्यापूर्वी दोन-तीन प्रौढ माणसांनी, ज्यांत निदान एक शिक्षक असावा, ते चाखून पाहिले पाहिजे. धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी यांच्या अभावी जेवण मिळाले नाही, तर मुलास त्याबद्दल भत्ता दिला पाहिजे. लागोपाठ तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण चुकले, तर जबाबदार कोण हे राज्याने ठरविले पाहिजे. यापलीकडे राज्यात २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यान्वये वैद्यांचे फिरते पथक शाळेत वर्षातून एकदा येऊन जन्मजात व्यंगे, रोग, उणिवा व वाढीतील दिरंगाई या चारही दृष्टींनी मुले तपासते, आणि ज्यास उपचार पाहिजेत त्यास ते विनामूल्य मिळावयाचे असतात.

मग उणीव कोठे आहे? उणीव विचारणाऱ्याची आहे. कायद्याने दिलेला हक्क मागणाऱ्याच्या तोंडातून बोलतो. मागणाराच नसेल, तर कायदा कपाटातील बांधीव पुस्तकाप्रमाणे मुका बसतो.

परिस्थिती किती गंभीर आहे हे आकड्यांवरून पाहावे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ३५.२ मुले वयाच्या मानाने बुटकी, शेकडा ३६.१ वजनाने कमी आणि सहा महिन्यांपुढील मुलांपैकी शेकडा ६८.९ रक्तक्षयी आढळली. हे आकडे सबंध राज्याचे आहेत, आणि त्या राज्यात मुंबई-पुणेही येतात. वाचकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. त्या वेळी जी मुले पाच वर्षांच्या आत होती, तीच आज पहिली ते चौथीच्या वर्गात येऊन बसली आहेत. म्हणजे शिक्षकाच्या हाती येणारे मूल बहुधा आधीच अर्धे थकलेले असते. रक्तातील लोह कमी झाले, की शरीरास व मेंदूस प्राणवायू पुरेसा पोचत नाही. मूल डुलक्या घेते, चटकन दमते, सांगितलेले त्याच्या ध्यानात राहत नाही. आपण त्यास आळशी म्हणतो, मठ्ठ म्हणतो, आणि क्वचित हातही उगारतो. शेतात अनवाणी फिरणाऱ्या मुलाच्या तळपायाच्या कातडीतून अंकुशकृमी शरीरात शिरतो आणि आतड्यास चिकटून रोज थोडे थोडे रक्त पितो. त्याच्यावर औषध आहे. जंतनाशक दिनास शाळेत जी गोळी देतात ती हीच. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांस दर आठवड्यास द्यावयाची लोहाची गुलाबी गोळीही आहे. परंतु ज्या शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नाही आणि हात धुण्यास साबण नाही, तेथे आज मारलेला जंत काही महिन्यांनी पुन्हा पोटात येणार, हे सांगण्यास धन्वंतरी नको. आणि गोळी पोटात जाण्यापूर्वी त्या पोटात अन्न पाहिजे.

तपासणीचे म्हणाल तर एक उदाहरण घ्या. तिसरीतील एक मुलगा मागच्या ओळीत बसतो व फळ्यावरील बेरीज नेहमी चुकीची उतरवितो. पथक येते, त्याची दृष्टी कमी असल्याचे लिहून ठेवते व त्यास जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्यास सांगते. बाप दुसऱ्याच्या शेतात मजुरीस जातो. वाशीमला जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली आणि बसचे भाडे अंगावर पडले. आई म्हणते, दिवाळीनंतर पाहू. दिवाळी येते, कापूस वेचणीस येतो, आणि पुढे कामाच्या शोधात सारे कुटुंबच परजिल्ह्यास जाते. वर्षाने पथक पुन्हा येते आणि पुन्हा तेच लिहून ठेवते. कागदोपत्री या मुलाची दोन वेळा तपासणी झाली. प्रत्यक्षात त्यास चष्मा मिळाला नाही तो नाहीच. येथे वैद्याचा अपराध नाही, गुरुजींचा नाही, आईबापांचाही नाही. मधली एक कडी तुटलेली आहे आणि ती जोडण्यास फार तर एका मोटारीची, एका दिवसाची व एका कळवळ्याच्या माणसाची गरज आहे. मानोऱ्याकडील तांड्यांवरच्या व मालेगाव-रिसोडकडील वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांच्या वाट्यास असा माणूस यावयाचा तरी कोठून, हा प्रश्न शहरातील सुखवस्तू गृहस्थांनी स्वतःस विचारावा.

आता ताटाकडे वळू. प्राथमिक वर्गातील मुलास दुपारच्या जेवणात १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल मिळावे, त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने त्याच्या अंगी लागावीत, असे मान ठरलेले आहे. वीस ग्रॅम डाळ म्हणजे एक मूठही नव्हे. तूर व सोयाबीन यांची रास ज्या जिल्ह्यातून देशभर जाते, त्या जिल्ह्याच्या लेकरांस ही मूठभर डाळ तरी रोज व निवडलेली मिळते काय, एवढेच आम्ही विचारतो. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने या आहारात आठवड्यातून एकदा अंडे, व जे ते खात नाहीत त्यांस केळे देण्याचा स्तुत्य निर्णय केला होता. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या मानाच्या निम्मी भर एकाच पदार्थाने पडत होती. परंतु सव्वा वर्षही लोटले नाही तोच, २०२५ च्या जानेवारीत, अंडी व साखर यांसाठी सरकारी पैसा मिळणार नाही, ज्या शाळांस हे पदार्थ द्यावयाचे असतील त्यांनी लोकसहभागातून खर्च भागवावा, असे शासनाने ठरविले.

या निर्णयाचा आम्ही स्पष्ट शब्दांत निषेध करतो. लोकसहभाग हा शब्द मोठा गोड आहे. पण ज्या गावात लोकांपाशी देण्यास काही नाही, त्याच गावच्या मुलास अंड्याची गरज सर्वांत अधिक आहे. ज्या गावात वर्गणी जमेल तेथे अंडे मिळणार, जमणार नाही तेथे भात! हक्काचे रूपांतर भिक्षेत करण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस ठाऊक नाही. तामिळनाडूने दुपारच्या जेवणाचा पायंडा सर्व देशाच्या आधी घातला, आणि २०२२ पासून तेथे प्राथमिक शाळांतून सकाळची न्याहारीही सुरू झाली. ते राज्य पुढे पाऊल टाकते आणि फुले-शाहूंचे नाव घेणारा महाराष्ट्र दिलेले अंडे परत घेतो, ही गोष्ट आम्हांस भूषणावह वाटत नाही.

कोणी म्हणतील, मुलास जेवू घालणे हे आईबापांचे काम आहे, सरकारचे नव्हे. त्यांस आमचे उत्तर असे, की पेरणीच्या दिवसांत पहाटे रानात जाणारी आई घरी जे शिळे असेल तेच मागे ठेवून जाते. तिच्या मायेत उणे नाही, तिच्या डब्यात उणे आहे. दुसरे म्हणतील, शिक्षकांवर आधीच कागदपत्रांचे ओझे फार आहे. हे म्हणणे अगदी खरे आहे, आणि म्हणूनच शिजविणे, चाखणे, तपासणीनंतर मुलास दवाखान्यात नेणे ही कामे एकट्या गुरुजींवर न टाकता गावाने वाटून घेतली पाहिजेत. तिसरे धर्मभावनेचे नाव घेतील. ज्या जिल्ह्यात शिरपूरसारखे जैनांचे पुरातन तीर्थ आहे, तेथे या भावनेचा आदर आम्हीही करतो. पण ज्याच्या घरी अंडे वर्ज्य त्याच्या ताटात केळे पडावे, ही सोय आधीच केलेली होती. आपल्या व्रताचा उपवास दुसऱ्याच्या लेकरास घडविणे हे कोणत्याही धर्मात पुण्य म्हणून सांगितलेले नाही.

आमच्या व्यापारी वाचकांशी येथे दोन शब्द स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकण्यास व अठरा वर्षांखालील मुलास ते कोठेही विकण्यास बंदी आहे. गुटखा तर या राज्यात २०१२ पासून बंदच आहे. अति चरबी, अति साखर व अति मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात व त्याभोवतीच्या ५० मीटरांत मुलांस विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. असे असता शाळेच्या फाटकाला लागून ज्या टपऱ्या उभ्या असतात, त्यांस माल कोण पुरवितो? टपरीवाला गरीब आहे, त्याच्यावर काठी उगारणे सोपे आहे. पण पुड्यांच्या माळा त्याच्यापर्यंत पोचविणारी ठोक दुकाने शहराच्या भर पेठेत आहेत, आणि त्यांचे धनी देवळाच्या वर्गणीत अग्रभागी असतात. त्यांनी मनात आणले, तर पोलिसांची गरज पडणार नाही. त्या टपरीवर पुड्यांच्या जागी भाजलेले फुटाणे, शेंगदाणे, गूळ-चिक्की दिसू लागली, तर टपरीवाल्याचे पोटही चालेल आणि मुलाचेही.

जे वाचक मनाशी म्हणत असतील, की आमची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीत, आम्हांस याचे काय, त्यांस १८८२ सालची आठवण देतो. त्या वर्षी हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी करताना हेच दाखवून दिले होते, की महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ वरचे वर्ग घेतात. सुमारे बारा लाख वस्तीच्या या जिल्ह्यात पाचांतील चार माणसे खेड्यांत राहतात; पेठेतील प्रत्येक रुपया अखेर त्यांच्याच शेतातून येतो. शिकलेल्या माणसाने आपले मूल खासगी शाळेत घातले याबद्दल आमची तक्रार नाही. त्या मुलाबरोबर त्याने आपले लक्षही सरकारी शाळेतून काढून घेतले, ही आमची तक्रार आहे. ज्या शाळेत बोलका पालक उरला नाही, त्या शाळेचे पाणी आटले तरी त्याची बातमी होत नाही.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या सूचना थोड्या आहेत आणि त्यांतील एकीसही नवा कायदा लागत नाही. शाळा उघडल्याच्या पहिल्या पंधरवड्यात, व पुढे दर तिमाहीस, प्रत्येक मुलाचे वजन व उंची गावापुढे मोजावी आणि पालकाच्या हाती त्याची नोंद द्यावी. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात व एकंदर निम्म्या स्त्रिया असतात. या समितीच्या प्रत्येक बैठकीत पहिला विषय आरोग्याचा असावा, आणि मागील तपासणीत किती मुलांस उपचार सांगितले व किती जणांस ते प्रत्यक्ष मिळाले, हे दोन आकडे मोठ्याने वाचावेत. नावे वाचू नयेत. गरिबाच्या मुलाची लाज चव्हाट्यावर आणणे हे आरोग्य नव्हे. जेवण चाखण्याची पाळी आई-माऊल्यांनी आळीपाळीने घ्यावी. २०१३ च्या जुलैत बिहारातील गंडामन गावी विषारी कीटकनाशक मिसळलेले जेवण खाऊन २३ मुले दगावली. सोयाबीन-कापसाच्या या मुलुखात घरोघरी फवारणीचे डबे असता, शाळेच्या तेलाचा डबा कोठे ठेवला आहे हे रोज पाहणे हा चोखंदळपणा नव्हे. वकिलांनी महिन्यातून एक दिवस एका शाळेस द्यावा व वर सांगितलेले नियम पालकांस समजावून द्यावेत. डॉक्टरांनी चष्मा व दात यांचा भार उचलावा. व्यापाऱ्यांनी तपासलेल्या मुलांस दवाखान्यात नेण्या-आणण्याची गाडी द्यावी. आणि अंड्याबाबत दोन गोष्टी एकाच वेळी कराव्यात: आजची मुले शासनाच्या पुनर्विचाराची वाट पाहत थांबू शकत नाहीत, म्हणून तूर्त खर्च आपण उचलावा, पण तो उचलताना प्रत्येक पावतीबरोबर आमदारांकडे एक अर्ज पाठवावा, की हे आमचे दान नसून सरकारावरील आमचे कर्ज आहे.

वाशीम जिल्हा १९०५ साली मोडून अकोल्यास जोडला गेला होता. तो परत मिळण्यास १ जुलै १९९८ उजाडावे लागले. जिल्हा मिळाला, कचेऱ्या मिळाल्या. २०१८ साली केंद्र सरकारने मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी करून त्यांस आकांक्षित हे नाव दिले, त्यातही वाशीमचे नाव आले. त्या योजनेतील शंभर गुणांपैकी तीस आरोग्य व पोषण यांस आणि तीस शिक्षणास आहेत. हे साठ गुण ज्या एका ठिकाणी एकत्र येतात, ते ठिकाण म्हणजे गावची प्राथमिक शाळा होय. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन ज्या वऱ्हाडची गावे झाडली, त्या वऱ्हाडास स्वच्छतेचा व भुकेल्यास अन्न देण्याचा उपदेश बाहेरून आणावा लागू नये.

यंदा सोयाबीन येईल, काटे लागतील, ओलावा मोजला जाईल. त्याच आठवड्यात बाजारातील चार मंडळींनी एक काटा उचलून जवळच्या शाळेत न्यावा, एवढीच आमची विनंती आहे. दाणा कमी भरला तर एका हंगामाचे नुकसान होते. मूल कमी भरले तर ते नुकसान जन्मभर भरून निघत नाही.